शेपटीतला एक ग्रॅम

टेबलावरचा हा छोटा काटा सोनाराकडचा. नागपूरला इतवारीच्या सराफ्यात यावर नथ तोलतात, इथं लाकूड तोलतायत. रॉकेट-ग्लायडर, म्हणजे रॉकेटच्या मोटरनं वर जाणारं छोटं विमान, करणाऱ्याला कटरच्या आधी हा काटा लागतो.

ग्लायडर मोटरच्या जोरावर सरळ वर जातो. वर पोचला की मोटरचा पॉड, म्हणजे मोटर बसवलेली नळी, धक्क्यानं हुकातून निसटतो आणि उरलेलं धूड पंखांवर तरंगत उतरतं. धूड म्हणायचं आपलं, पंचवीस-तीस ग्रॅमचं असतं ते!

आता बाल्सा. हे लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं आणि दुकानात मापावर विकलं जातं, वजनावर नाही. मीटरभर लांब, १० सेंटिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड अशी ही पट्टी काट्यावर १५ ग्रॅम भरते. त्याच मापाची दुसरी ३० भरू शकते. म्हणून काटा खिशात घालूनच दुकानात जायचं; दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

पट्टी उजेडात तिरपी धरा. बारीक चकचकीत ठिपके दिसले, की ती आडवी वाकत नाही. ती पंखांना आणि शेपटीला. जी सहज गोल वळते, ती नळी करायला.

हलकं हवं म्हणून थर्माकोल लावला तर? बी-६ जातीची छोटी मोटर सरासरी ६ न्यूटन जोर देते, पण पेटल्या पेटल्या क्षणभर त्याच्या दुप्पट. तेवढ्यात थर्माकोलचा पंख फडफडून मुळातूनच उखडतो. जुनी शुक्रवारीतल्या पतंगाच्या कामट्या मजबूत खऱ्या, पण बांबू बाल्सापेक्षा कितीतरी जड. पंख आणि शेपूट जोडणाऱ्या दांडीला कार्बन बरा, तोही पोकळ. ३ मिलिमीटरची भरीव कांडी ३० सेंटिमीटरला जवळपास साडेतीन ग्रॅम होते. आत २ मिलिमीटरचं भोक असलेली दोनच्या आत बसते.

खरा हिशेब शेपटीचा. शेपूट तोलबिंदूपासून २४ सेंटिमीटर मागं आणि नाक ८ सेंटिमीटर पुढं असेल, तर शेपटीतल्या एका ग्रॅमसाठी नाकात ३ ग्रॅम माती भरावी लागते. एकाचे झाले चार. म्हणून सगळ्यात हलकी पट्टी शेपटीला, आणि तिथं एपॉक्सीचा थेंबही नको. फेविकॉलमधलं पाणी उडून जातं, एपॉक्सी जेवढं लावलं तेवढं जन्मभर वाहायचं. रंगाचा मोहही टाळा. मार्करची एक रेघ पुरे.

मोटर मात्र घरी करायची नाही. तिच्यात बारूद असते, आणि देशभरातल्या स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय इथंच, सेमिनरी हिल्सला आहे. जाब द्यायला फार लांब जावं लागणार नाही.

नागपूरचा मे महिना म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत. इतक्या निगुतीनं हलका केलेला ग्लायडर अशा झोतात सापडला, की उतरायचं नावच घेत नाही, दिसेनासा होतो. त्यावर इलाज म्हणजे डीथर्मलायझर : ठरल्या वेळी शेपटीचा आडवा पंख वर उचलून ग्लायडरला खाली बसवणारी छोटी यंत्रणा. तिचं वजन अर्धा ग्रॅम धरा. आणि ती बसवायची कुठं? शेपटीत. म्हणजे नाकात आणखी दीड ग्रॅम माती आलीच.