माणगावचा नाईक यशवंत घाडगे

श्रोतेहो, नमस्कार. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला गाड्यांच्या रांगेत अडकला नाही असा कोकणी माणूस विरळाच. पण तिथल्या तहसील कचेरीच्या आवारात एका जवानाचा पुतळा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, माणगाव तालुक्यातलाच. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते एका सेक्शनचे, म्हणजे मूठभर जवानांचे, म्होरके होते.

१० जुलै १९४४. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सेक्शन पुढे सरकत होतं. अगदी जवळून मशीनगन धडाडली. यशवंतराव सोडून बाकीचे सगळे ठार तरी झाले, नाहीतर जखमी. माघारी वळले असते तर कोणी बोल लावला नसता. ते मशीनगनवरच धावून गेले. आधी हातबॉम्ब फेकला. गन बंद पडली, चालवणाराही आडवा झाला. दुसऱ्याला टॉमीगननं टिपलं. उरले दोघे, आणि नवं मॅगझीन चढवायला उसंत नाही! त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि त्या दोघांना तिनंच झोडपून ठार केलं. मोर्चा एकट्यानं घेतला खरा, पण दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. तिथंच ते गेले. वय २२. त्याच वर्षी नोव्हेंबरात मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, जाहीर झाला.

‘लढाई इंग्रजांची, आपल्याला त्याचं काय?’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. हुकूम इंग्रजांचा असेल, पण समोर हिटलरची फौज होती, आणि पोरं आपल्या वाड्यावस्त्यांवरची होती. इटलीत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले. ५,७८२ जण परतले नाहीत. तिथं मिळालेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे. त्यातले दुसरे मराठा वीर नामदेव जाधव सुदैवानं जगले-वाचले.

इटालियन लोकांनी मात्र आठवण ठेवली. पेरुजियाजवळच्या मोंतोने गावात २०२३ च्या जुलैमध्ये यशवंतरावांच्या नावानं स्मारक उभं राहिलं. पुतळा नव्हे, सूर्यघड्याळ! आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्या स्मारकासाठी निवडलंय. यशवंतरावांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. त्यांचं नाव इटलीतल्याच कसिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे.