आधी कोरडं, मग ओलं

सन्माननीय अध्यक्ष, वाचनालयाचे सचिव आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेत माझा विषय ‘व्यावसायिक जागांमधील अतिमळकट कार्पेटची शास्त्रशुद्ध स्वच्छता : पाच पायऱ्या’ असा छापलाय. एवढं भारदस्त नाव सचिवांनी दिलंय, मी नाही. पाच पायऱ्या सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट बोलून घेऊ द्या, बरीच वर्षं पोटात आहे आणि ऐकून घेणारी माणसं आज आयती सापडलीत. कार्पेट धुवायचं नसतं. कार्पेटमधून माती काढायची असते. पाणी शेवटी, आणि तेही बेताचं.

समोर निम्मी मंडळी मंगल कार्यालयवाली आणि लॉजवाली दिसतायत, पतसंस्थेचे दोन व्यवस्थापकही आहेत. तुमच्यापैकी प्रत्येकाकडे एक झिजलेला पाईप, एक निरम्याचा पुडा आणि एक राठ ब्रश आहे, हे मला माहीत आहे. मान हलवू नका, मी तुमच्याकडे येऊन गेलोय.

आता हे पाहा. आपल्याकडची माती कुठली? दारव्ह्यापासून वणीपर्यंत काळी कपाशीची. बेसॉल्टचा दगड झिजून झालेली, चिकणमातीनं भरलेली. तिचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगू, तुम्हीच मला सांगाल. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात चपलेला अशी धरते की चप्पल मागे आणि पाय पुढे. तीच माती बुटाला लागून बँकेत येते, वाळते, तिचं पीठ होतं आणि ते कार्पेटच्या धाग्यांत तळाशी जाऊन बसतं. कोरडी आहे तोवर ती मोकळी आहे, ओढली की येते. त्यावर तुम्ही बादलीभर पाणी ओतलं की तिचा चिखल झाला. मग ब्रशनं घासलं की तो चिखल धाग्याच्या मुळाशी लिंपला गेला. मला सांगा, वाफसा आल्याशिवाय तुम्ही वखर घालता का? ओल्या रानात पाय टाकणाऱ्याला आपण खुळ्यात काढतो. मग शेतात जे कळतं ते हॉलमध्ये काहून विसरतो?

आमच्या धंद्यात जगभर एक ठोकताळा सांगतात, की कार्पेटमधला पाऊण भाग मळ कोरडा असतो. तेलकट, चिकट, डागाचा असा उरलेला पाव. म्हणजे व्हॅक्युम नीट मारलं तर पाण्याचा थेंब न लावता पाऊण काम झालं. पण गिऱ्हाइकाला ते पटत नाही, कारण त्यात दिसत काही नाही! हे माझं जुनं दुखणं आहे. मी दोन तास सावकाश व्हॅक्युम फिरवतो, तर मालक खुर्चीवर बसून म्हणतो, “काहून भाऊ, काम केव्हा चालू करता?” त्याला बादलीत काळं पाणी पाहायचं असतं. पाणी जेवढं काळं तेवढे पैसे वसूल. एकानं तर मला विचारलं, “मागच्या वेळेस जो आला होता त्याचं पाणी तुमच्यापेक्षा काळं होतं, तुम्ही औषध कमी टाकता का?” आता त्याला काय सांगावं? पाणी कमी काळं निघालं ते माती आधीच निघाली म्हणून.

तेव्हापासून मी एक करतो. व्हॅक्युमची पिशवी मालकासमोर वर्तमानपत्रावर उलटी करतो. पतसंस्थेची पिशवी असेल तर त्यात काळं पीठ, रबर बँड, स्टेपलच्या पिना आणि जिनिंगजवळची शाखा असेल तर कापसाचा भुगा, तो सगळ्याला गुंडाळून बसलेला. मंगल कार्यालयाची असेल तर अक्षता. मूठ मूठ अक्षता, हळदीनं पिवळ्या झालेल्या, त्यात साडीच्या टिकल्या, टाचण्या, आणि खर्र्याच्या, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या, पन्न्या. खर्र्याची पन्नी निघाली नाही असं कार्पेट विदर्भात मी अजून पाहिलेलं नाही. (हशा) हसता काय, पुढच्या रांगेत दोघांच्या खिशात आत्ताही आहे.

यावरून आठवलं. धूळ ओढून घ्यायची ही युक्ती काढली ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं, १९०१ साली. त्याआधी लंडनमध्ये एक यंत्र दाखवत होते, ते हवा सोडून धूळ उडवायचं. म्हणजे आपल्याकडे खराट्यानं झाडताना होतं तेच, इथली उडून तिथे. बूथनं विचारलं, फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही? दाखवणारा म्हणाला, ते होणार नाही. बूथ हॉटेलात गेला, खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, जीव कासावीस झाला, पण रुमालाच्या खालच्या अंगाला मळाची वर्तुळं उमटली. झालं, काम फत्ते. पुढे त्यानं केलेलं यंत्र एवढं मोठं होतं की घोडे जुंपून रस्त्यात उभं करायचं आणि खिडकीतून आत नळ्या सोडायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले, पाणी न लावता. राजाला चालतं, आपल्या लॉजवाल्याला चालत नाही.

आणखी एक गंमत सांगतो, विषयाला सोडून आहे. ढकलत न्यायचं कार्पेट झाडायचं फिरतं यंत्र, त्याचं पेटंट मेलव्हिल बिसेल या अमेरिकन माणसानं १८७६ मध्ये घेतलं. त्याच १८७६ मध्ये आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगावला गाडगेबाबांचा जन्म. एकाच साली एकीकडे यंत्र आणि एकीकडे खराटा! यातून काही सिद्ध होत नाही, पण मला हे कुणालातरी सांगायचं होतं.

बरं, हळदीचा किस्सा. सचिव घड्याळ बघतायत, पण हा सांगितल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एक मंगल कार्यालय. गाव सांगत नाही. मे महिना, लागोपाठ तारखा. स्टेजवर नवं नायलॉनचं कार्पेट, फिकट बदामी. आता हळदीच्या गावात फिकट बदामी घेणाऱ्याला काय म्हणावं, तो वेगळा विषय. रात्री हळद लागली, पोरापोरींनी एकमेकांना फासली, वाटी कार्पेटवर सांडली. सकाळी तिथल्या मावशींनी घाईघाईत सोडा आणि धुण्याची पावडर घेऊन ते खसाखसा घासलं. आणि पिवळ्याचं झालं लालभडक. हातभर लाल! मॅनेजर आला, म्हणाला हे कुंकू सांडलंय, अनामत परत मिळणार नाही. मुलीचे वडील हात जोडून सांगतात, “आमी हळद लावली जी, कुंकू कोनं आनलं इथं?” वरपक्षातले एक मामा मध्ये पडले, ते म्हणाले पान थुंकलंय कोणीतरी. मग पान कोणाकडचं, मुलाकडचं का मुलीकडचं? तिथून जेवणावर गेलं, जेवणावरून मानपानावर गेलं. अकराचा मुहूर्त, साडेदहाला ही सभा भरलेली.

मला फोन करून बोलावलं होतं ते दुसऱ्याच कामाला, खालच्या हॉलसाठी. मी पोचलो तर स्टेजवर पंधरा माणसं डागाभोवती उभी. मी स्वयंपाकघरातून लिंबू मागवलं. अर्धं पाण्यात पिळलं आणि डागाच्या एका कडेला फडक्यानं टिपलं. लाल होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळं झालं. एक आजी मागून म्हणाल्या, “माय बाप्पा, यानं जादू केली!” जादू कसली, शाळेत हळदीचा कागद केला होता की सगळ्यांनी. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, अल्कलीत लाल होतं. साबण, सोडा, चुना, काहीही लावा, लाल होणारच. आणि मॅनेजर अगदीच चुकला नव्हता हो. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला क्षार लावूनच करतात. मावशींनी स्टेजवर कुंकूच तयार केलं होतं, फक्त लग्नाच्या घाईत.

अनामत मिळाली का, हे मला माहीत नाही. मुहूर्त गाठला एवढं खरं. डाग मात्र लिंबानं जात नाही, पिवळाच राहतो. तो घालवायचा तर आधी सुकी हळद चमच्यानं खरवडून व्हॅक्युमनं ओढा, मग स्पिरिट फडक्यावर घेऊन टिपा, घासू नका. उरलेल्याला ऊन द्या. कर्क्युमिन उजेडात उडतं, आणि ऊन तर आपल्याकडे सरकारी योजनेशिवाय मिळतं. चिकटवलेलं कार्पेट असेल तर खिडकीचे पडदे काढून ठेवा, दोन-चार दिवसांत फरक दिसतो.

खर्र्याचंही तसंच. त्यात सुपारी, तंबाखू आणि चुना. सुपारीतलं टॅनिन चुन्याशी मिळून लालतपकिरी होतं. त्यावर तुम्ही कडक पावडर टाकली की डाग पक्का. आधी वाळू द्या, खरवडा, ओढा. मग पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून टिपा, चुना सुटतो. साबण नंतर. तोंड उघडून हा डाग पाडणाऱ्याचं काय करायचं, ते माझ्या पायऱ्यांत बसत नाही.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं. नऊची एसटी आहे.’ बरोबर आहे, अर्धा हॉल त्या गाडीचा आहे. तर पायऱ्या, भराभर.

पहिली, धागा ओळखा. कोपऱ्यातून एक धागा उपटून जाळा. जळक्या केसाचा वास आला आणि राख चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा तसलंच कृत्रिम. दुसरा धागा पाण्यात टाका, तरंगला तर पॉलिप्रोपिलीन. तेलाला ते फार धरतं, तर्री सांडली की लक्षात येईल. लोकरीला कडक अल्कली नको, क्लोरिन ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं.

दुसरी, व्हॅक्युम. फिरत्या ब्रशचं, सावकाश, उभं आणि आडवं. यावर मी पाऊण तास बोललोच. एवढंच जोडतो, की येण्याजाण्याच्या वाटेवरचा भुरकट पट्टा कधीकधी स्वच्छ करूनही जात नाही. तो मळ नसतो. मुरमाच्या बारीक खड्यांनी धागे घासून चरे पडलेले असतात, चमक गेलेली असते. त्याला औषध नाही. दाराबाहेर चांगली लांब मॅट घाला, माणसाची चार-सहा पावलं तिच्यावर पडतील अशी. फूटभर पायपुसणं काही कामाचं नाही.

तिसरी, औषध फवारा आणि थांबा. दहा-पंधरा मिनिटं, पण वाळू देऊ नका. मग ब्रश. हेन्केल कंपनीतल्या हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये मांडलं, की सफाई चार गोष्टींवर चालते : रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. आपले लोक वेळ वाचवतात आणि औषध दुप्पट ओततात. ते औषध धाग्यात राहतं, चिकट होतं आणि पंधरा दिवसांत कार्पेट आधीपेक्षा काळं. “शाम्पू केल्यावर लवकर मळतं” म्हणतात ते यामुळेच.

चौथी, गरम पाणी फवारून लगेच ओढून घेणं. एकदा पाणी सोडून, तर दोनदा नुसतं कोरडं ओढा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा साका बसतो, शेवटच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड टाका.

पाचवी, वाळवणं. चोवीस तासांच्या आत खडखडीत. पाणी तळाशी मुरलं तर वाळताना ते वर चढतं आणि गेलेला डाग घेऊन येतं. खाली तागाचं अस्तर असेल तर त्याचा तपकिरी रंगही वर येतो, वरून कुबट वास. पंखे लावा, खिडक्या उघडा. मे महिन्यात हे दोन-चार तासांत होतं. जुलैत मोठं काम काढूच नका, अगदी गळ्याशी आलं तरच. आणि कूलर लावून वाळवायला बसू नका, तो हवेत पाणी सोडतो. हे मी तीन मंगल कार्यालयांत पाहिलंय, मालक समोर बसलेत.

मागून चिठ्ठी आहे : सतरंजीला हे सगळं करायचं का? नाही. सतरंजी सुती, दोन्हीकडून मोकळी. दोरीवर टाका, काठीनं बडवा, धुवा, उन्हात घाला. दुसरी चिठ्ठी, दर काय? दर जागेवर येऊन सांगतो, पण एक अट आहे. कोरड्या कामाचे पैसे बिलात वेगळे धरा, आणि पिशवी उलटी करताना मालकानं हजर राहायचं.