दत्तक गाव आणि विद्यापीठाचे वेळापत्रक

उपस्थित प्राचार्य, कार्यक्रम अधिकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर करावे, ही तिची चौकट आजही कायम आहे. या चौकटीने हजारो मुलांना पहिल्यांदा गाव दाखवले. तिच्याबद्दल मला कृतज्ञता आहे, कारण मीही त्याच वाटेने गावात गेलो.

मी या योजनेचा कार्यक्रम अधिकारी असताना आमचे शिबिर माण तालुक्यातील एका गावात होते. विहिरींतील पाण्याची पातळी मोजायचे ठरले. मुलांनी मोजपट्टीला वजन बांधून ती काठावरून खाली सोडली आणि आकडे मीटरमध्ये लिहून घेतले. शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “ही विहीर सात परस, पाणी तिसऱ्या परसावर.” परस म्हणजे पुरुषभर खोली. मुलांनी तो शब्द तोपर्यंत ऐकलेला नव्हता. अहवाल नीट बांधून महाविद्यालयाच्या कपाटात गेला. पुढच्या वर्षी आम्ही त्याच गावात गेलो, तेव्हा एका ताईंनी विचारले, “सर, मागच्या साली लिहून नेलेला कागद आम्हाला कधी देणार?” दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. “पाणी आटतं मे महिन्यात, आणि तुम्ही दर खेपेला विहिरी भरलेल्या असताना मोजायला येता.”

शिबिरे हिवाळ्यात होतात, कारण उन्हाळा परीक्षांचा आणि सुट्टीचा असतो. गावाच्या प्रश्नाचा हंगाम आणि विद्यापीठाचे वेळापत्रक यांची गाठच पडत नाही. माझ्या मते विद्यापीठाची बांधिलकी पाहायची ती नेमकी या जागी. वेळापत्रक, गुण आणि पैसा या तीन गोष्टींत गावासाठी काही बदल झाला का, हे विचारावे. अशा कामासाठी दत्तक घेतलेल्या गावाच्या वेशीवरचा फलक काही सांगत नाही.

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात संशोधन आणि नवोपक्रमांबरोबर विस्तार कार्याचा, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाचाही निकष आहे, आणि तो असायलाच हवा. पण पुरावा म्हणून आपण कार्यक्रमांची संख्या, हजेरीपत्रके आणि छायाचित्रे जोडतो, म्हणून मुलेही कामाआधी छायाचित्राचा विचार करू लागतात. त्या पुराव्यांबरोबर गावाकडे परत गेलेल्या अहवालाची पोच आणि त्यावर ग्रामसभेत झालेल्या चर्चेची नोंद आपण स्वतःहून का जोडू नये?

मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे केंद्र आहे. तेथील एम.टेक.च्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. मुलाला गावातल्या कामाचे श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, तेव्हा प्राध्यापकालाही त्या कामाला बसून वेळ द्यावा लागतो. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातील पदवी अभ्यासक्रमांतही क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक आले आहेत. ही मोठी संधी आहे. मात्र तीस-चाळीस मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकाच्या कार्यभारात हे तास धरले गेले नाहीत, प्रवासखर्चाची तरतूद झाली नाही आणि पदोन्नतीच्या वेळी या कामाला शोधनिबंधाइतके वजन मिळाले नाही, तर प्रकल्प घरी बसूनच लिहिले जातील, आणि त्याचा दोष मी मुलांना देणार नाही.

त्या ताईंच्या प्रश्नानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. मे महिन्यात चार विद्यार्थी सुट्टीतले आठ दिवस गावात राहिले आणि त्यांनी त्याच विहिरी पुन्हा मोजल्या. दोन्ही वेळचे आकडे मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिले, मीटरमध्ये आणि शेजारी परसात. त्या आजोबांनी तक्ता वाचून एका विहिरीचा आकडा चुकल्याचे सांगितले. मुलांनी ती पुन्हा मोजली. चूक आमचीच होती.