चपटे स्पीकर घेण्यापूर्वी त्यांची पाठ पाहा

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. हॉल लहान आहे, घरच्यांना मोठी खोकी नको आहेत आणि खर्चही फार करता येत नाही, तर भिंतीवर सहज सामावून जातील असे चपटे स्पीकर कोणते घ्यावेत? त्याचे उत्तर आज सविस्तर देतो.

प्राथमिक माहिती थोडक्यात सांगतो. बाजारात ‘चपटे’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातींचे स्पीकर विकले जातात. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये विद्युतभारित पातळ पडदा हलतो. ब्रिटनमधील क्वाड कंपनीचा १९५७ सालचा स्पीकर या जातीतला आद्य मानला जातो. प्लेनर मॅग्नेटिकमध्ये पडद्यावर तारा किंवा धातूच्या पट्ट्या असतात आणि त्या चुंबकांसमोर हलतात; अमेरिकेतील मॅग्नेपॅन ही कंपनी १९६९ पासून याच प्रकारासाठी ओळखली जाते. तिसऱ्या प्रकारात एक्सायटर नावाचे छोटे यंत्र एखाद्या हलक्या फळीला चिकटवतात आणि ती फळीच वाजते. चौथा प्रकार म्हणजे नेहमीचाच स्पीकर, फक्त आठ-दहा सेंटिमीटर खोलीच्या बंद पेटीत बसवलेला.

आता ज्या मुद्द्यावर बहुतेकांची फसगत होते, तो सांगतो. स्पीकर किती जाड आहे हे आपण पाहतो, पण त्याची पाठ उघडी आहे की बंद, हे पाहत नाही. पहिल्या दोन जातींची पाठ उघडी असते आणि त्यांचा आवाज जेवढा पुढे जातो, तेवढाच मागेही जातो. असा स्पीकर दोन इंच जाडीचा असला, तरी त्याच्यामागे किमान दोन-तीन फूट मोकळी जागा लागते. चपटा म्हणजे भिंतीला टेकवायचा, हा समज मी जितक्या वेळा ऐकतो, तितक्या वेळा मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यापायी चांगली वस्तू घेऊनही लोकांच्या पदरी निराशा येते.

माझाच अनुभव सांगतो. आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा आहे. काही वर्षांपूर्वी मी जुने प्लेनर पॅनेल घेतले आणि टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून जेमतेम १० सेंटिमीटरवर उभे केले. दिसायला ते सुरेख होते. संध्याकाळी एका मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. बाबा आयुष्यभर गाणे ऐकत आलेले आहेत. ते दोन मिनिटे ऐकून म्हणाले, “अरे, तानपुऱ्याला खर्जाची तारच नाही का?” तार अर्थातच होती. जोडीच्या तारा स्वच्छ झंकारत होत्या, पण त्यांच्याखाली जो भरीव आधार ऐकू यायला हवा, तो नाहीसा झाला होता.

त्यामागचा हिशेब अवघड नाही. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६९ कंपनांवर वाजते. स्पीकरच्या पाठीमागून निघालेला आवाज पुढच्या आवाजाच्या बरोबर उलटा असतो; समोरचा पडदा हवा ढकलतो, त्या क्षणी मागची बाजू हवा ओढत असते. हा उलटा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. पॅनेल भिंतीपासून १ मीटरवर असेल, तर ८५ हर्ट्‌झच्या आसपास हे दोन्ही आवाज एकमेकांना साथ देतात. तेच अंतर १० सेंटिमीटर केले, की ही साथ ८५० हर्ट्‌झच्या आसपास मिळते आणि त्याखाली उतरावे तसे दोन्ही आवाज एकमेकांना खोडू लागतात. केवळ भिंतीचा परिणाम धरला, तरी ६९ हर्ट्‌झवर १ मीटरच्या तुलनेत आवाजाचा दाब सात-आठ पट कमी होतो. बाबांना जे ऐकू आले नाही, ते इथे हरवले होते.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू. हातपंखा सावकाश हलवला, तर हवा पंख्याच्या कडेवरून मागे निसटते आणि समोरच्याला वारा लागत नाही. झपझप हलवला, की वारा लागतो. उघड्या पाठीच्या पॅनेलचे तसेच आहे. खालच्या स्वरांचे हेलकावे सावकाश असतात आणि ते कडेवरून मागे निसटतात, म्हणून अशा पॅनेलला भिंतीपासून दूर ठेवूनही डग्ग्याची घुमक पुरती मिळत नाही. ती हवी असेल, तर वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, लागतो.

मागच्या व्हिडिओखाली एका दर्शकांनी आक्षेप घेतला होता, की हॉटेलांत आणि कार्यालयांत स्पीकर भिंतीतच बसवलेले असतात आणि उत्तम वाजतात, मग मी भिंतीची भीती का घालतो? त्यांचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्यातूनच माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तिथे भिंतीला छिद्र पाडून स्पीकर आत बसवतात, म्हणजे भिंत स्वतःच पुढच्या आणि मागच्या आवाजामधला पडदा बनते. पाठ बंद झाली, की भिंत शत्रू राहत नाही. मात्र विटांची भिंत फोडणे भाड्याच्या घरात शक्य नसते आणि स्वतःच्या घरातही त्याचा खर्च स्पीकरपेक्षा जास्त होऊ शकतो.

म्हणून मर्यादित खर्चात आणि लहान हॉलसाठी माझी पसंती चौथ्या प्रकाराला आहे, म्हणजे बंद पेटीचे, भिंतीवर टांगण्याचे सडपातळ स्पीकर. यांच्या बाबतीत भिंत मदतच करते, कारण खालचा आवाज मागे पसरण्याऐवजी पुढेच वळतो. पेटी लहान असल्यामुळे १०० हर्ट्‌झच्या खाली त्यांचा जोर ओसरतो, म्हणून सोबत आठ इंची छोटा सबवूफर घ्यावा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे आणि वरचा स्पीकरकडे जातो ती सीमा, ८० ते १०० हर्ट्‌झच्या दरम्यान ठेवावा. इतका खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसे कळत नाही, त्यामुळे सबवूफर सोफ्याशेजारी ठेवला तरी चालतो. त्याखाली रबराचे पाय लावावेत; खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विचार आपणच करायला हवा. पैसे कमी पडत असतील, तर स्पीकर नवे आणि सबवूफर जुना घ्यावा.

एक्सायटरविषयीही बऱ्याच जणांनी विचारले आहे. हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि हाताने काही करण्याची आवड असेल, तर मी तो अवश्य सुचवेन. ६० बाय ४५ सेंटिमीटरची पातळ प्लायवूडची फळी घ्यावी. एक्सायटर बरोबर मध्यभागी लावू नये, कारण मध्यावर फळीची अनेक कंपने मुळात जागीच होत नाहीत. एका कोपऱ्यापासून लांबीत २७ आणि रुंदीत १९ सेंटिमीटरवर खूण करून तिथे लावावा. फळी चौकटीत घट्ट आवळण्याऐवजी दोरीने टांगावी. पाठ इथेही उघडीच असते, पण फळीचा आवाज विस्कळीत होऊन पसरत असल्यामुळे भिंतीचा त्रास तुलनेने कमी होतो. तरी वीतभर अंतर ठेवावे. १०० हर्ट्‌झखालचा आवाज त्याच्याकडे जाऊ देऊ नये, नाहीतर फळी खडखडते आणि काही दिवसांत चिकटपट्टी सुटते. माझ्या पहिल्या फळीचा एक्सायटर असाच भर दुपारी गळून पडला होता.

प्लेनर पॅनेलवरून मन अजूनही हटत नसेल, तर तेही सांगतो. मॅग्नेपॅनने २०१९ मध्ये एलआरएस नावाची छोटी जोडी अमेरिकेत ६५० डॉलरला आणली होती, म्हणजे ही जात केवळ श्रीमंतांची नाही. पण तिच्यासाठी ४ ओहमचा, म्हणजे कमी विद्युतरोधाचा आणि म्हणून जास्त विद्युतप्रवाह ओढणारा, भार सहज पेलणारा दमदार अँप्लिफायर लागतो आणि जागा तर लागतेच. मी माझे पॅनेल भिंतीपासून तीन फूट पुढे ओढले, तेव्हा खर्जाची तार परत आली आणि बाबा पूर्ण मैफल ऐकत बसले. त्याच दिवशी गॅलरीचे दार अर्धेच उघडू लागले. आठवडाभराने आईने कपडे वाळत घालताना ते दार दाखवले आणि मी पॅनेल विकले.

दुकानात गेलात, तर स्पीकर उलटा करून पाहा. मागे जाळी किंवा कापड असेल आणि मोबाईलचा दिवा धरल्यावर उजेड आरपार दिसत असेल, तर पाठ उघडी आहे. मला प्रश्न पाठवताना हॉलची लांबी-रुंदी, समोरच्या भिंतीपासून सोफ्यापर्यंतचे अंतर आणि स्पीकरच्या मागच्या बाजूचा फोटो एवढे तीन तपशील जरूर द्या. त्यांवरून मला नेमके उत्तर देता येईल.