ठिपक्यांएवढे भोवरे

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर मी दोन ठिपके काढले आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक भोवरा. त्याला आकार नाही, गाभा नाही; आहे ती फक्त जागा आणि फिरवण्याची ताकद. त्याच्याभोवतीचं पाणी किती वेगानं फिरतं याचा नियम एका ओळीचा: अंतर दुप्पट झालं की वेग निम्मा. पाण्याचा चिकटपणाही आपण सोडून दिला. इतकं टाकून दिल्यावर हाती काय उरणार, असं तुम्हाला वाटेल. पुष्कळ उरतं, आणि तेच आज सांगायचं आहे.

१८५८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखवलं की चिकटपणा नसलेल्या द्रवात भोवऱ्याची ताकद कमी होत नाही आणि तो प्रवाहाबरोबर वाहत जातो. म्हणजे आपला ठिपका स्वतःला हलवत नाही. बाकीचे ठिपके त्याच्या जागी जो वेग निर्माण करतात, त्या वेगानं तो जातो. एकाच दिशेनं फिरणारे दोन सारखे भोवरे एकमेकांभोवती प्रदक्षिणा घालतात. उलट दिशांचे दोन सारखे भोवरे जोडीनं सरळ रेषेत निघून जातात.

आता आकडे घालू. समजा, दोन सारखी चक्रीवादळं आहेत आणि प्रत्येकाच्या केंद्रापासून ३०० किलोमीटरवर वारा सेकंदाला २० मीटर आहे. आपल्या नियमानं १००० किलोमीटरवर तो ६ मीटर उरतो. केंद्रं १००० किलोमीटर अंतरावर असतील, तर प्रत्येक वादळ दुसऱ्यामुळे सेकंदाला ६ मीटरनं सरकेल आणि एक फेरी साधारण सहा दिवसांत पुरी होईल. अंतर ५०० करा: फेरी दीड दिवसात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ फुजिव्हारा यांनी हा परिणाम १९२१ मध्ये मांडला. एप्रिल २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला 'सेरोजा' आणि 'ओडेट' ही चक्रीवादळं अशीच एकमेकांभोवती वळली आणि दुबळं ओडेट सेरोजात विरून गेलं. हे विरून जाणं मात्र ठिपक्यांना सांगता येत नाही, कारण ठिपक्याला पसरायला, ओढलं जायला अंगच नाही. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' एकाच वेळी होती, तेव्हा कोकणातल्या पुष्कळांनी त्या दोन वादळांचे नकाशे पाहिले असतील.

तीन ठिपक्यांची गती गणितानं पूर्ण सोडवता येते; ग्रोब्ली यांनी १८७७ मध्ये ते केलं. चौथा आला की सर्वसाधारणपणे गोंधळ माजतो: सुरुवातीच्या जागेत केसभर फरक, आणि काही वेळानं चित्र सर्वस्वी वेगळं. मग हजार भोवऱ्यांचं काय? एकेकाचा माग काढण्याची आशा सोडायची आणि सांख्यिकी वापरायची.

हे पाऊल १९४९ मध्ये लार्स ऑनसागर यांनी टाकलं, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर विचार तोच आहे. डब्यातल्या वायूला ऊर्जा दिली की रेणूंचे वेग वाढत जातात, त्याला मर्यादा नाही. भोवऱ्यांना मात्र जागेपलीकडे स्वतंत्र वेगच नाही. ठिपक्यांच्या गतीची जी समीकरणं किर्खहोफ यांनी मांडली, त्यांत वेगाची भूमिकाही जागाच बजावते: आडवं अंतर आणि उभं अंतर एकमेकांचे जोडीदार होतात. भांडं मर्यादित, म्हणून शक्य असलेल्या मांडण्याही मर्यादित. ऊर्जा वाढवत नेली की आधी मांडण्यांची संख्या वाढते, मग एका टप्प्यानंतर घटू लागते. कारण फार जास्त ऊर्जा साठवायची तर एकाच दिशेचे भोवरे दाटीनं जवळ यावे लागतात, आणि तशा मांडण्या थोड्या. ऊर्जा वाढताना मांडण्यांची संख्या, म्हणजेच अव्यवस्था, घटणं, याला भौतिकशास्त्र ऋण तापमान म्हणतं. ही अवस्था निरपेक्ष शून्याखालची नव्हे, उलट अतिउष्ण. निष्कर्ष असा: डावीकडे फिरणारे एकत्र, उजवीकडे फिरणारे एकत्र गोळा होतील आणि खळबळीतून मोठे, टिकाऊ भोवरे तयार होतील. बाहेरून कुणी रचना न लादता!

हे सगळं सपाट, द्विमितीय प्रवाहाचं. वातावरणाच्या मोठ्या हालचाली बऱ्याच अंशी तशा असतात: जाडी दहा-पंधरा किलोमीटर, पसारा हजारो. पण पुलाच्या खांबामागची नदी घ्या. तिथे भोवरा दोरीसारखा ताणला जातो, बारीक होतो, जोरात फिरतो, आणि ऊर्जा लहान लहान भोवऱ्यांकडे जाते. दिशाच उलटी! तिथे ठिपके पुरत नाहीत. सुरळीत सुरुवात केलेला त्रिमितीय प्रवाह कायम सुरळीत राहतो का, हे चिकट द्रवाच्या गतीच्या नेव्हिये-स्टोक्स समीकरणांसाठी आजही कुणी सिद्ध केलेलं नाही. द्विमितीय प्रवाहासाठी ते सिद्ध आहे.

ऑनसागर यांचं भाकीत सत्तर वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या दोन प्रयोगशाळांनी तपासलं. अतिथंड रुबिडियम अणूंच्या चपट्या ढगात चिकटपणा नसतो आणि प्रत्येक भोवऱ्याची ताकद निसर्गानंच ठरवून दिलेली असते, म्हणजे जवळजवळ आपले ठिपकेच. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या गटानं ढग ढवळून एकाच दिशेच्या भोवऱ्यांचे मोठे पुंजके बनवले आणि ते टिकले. मोनॅश विद्यापीठाच्या गटानं गोंधळापासून सुरुवात केली. उलट दिशांचे भोवरे एकमेकांना भिडून जोडीजोडीनं नाहीसे होत गेले, उरलेल्यांच्या वाट्याला दर भोवऱ्यामागे अधिक ऊर्जा आली, आणि ते पुंजक्यांत गोळा झाले.