खडूची रेघ आणि क्लीव्हलंडचे दोन गार्ड

(क्लीव्हलंड परिसरातील मराठी मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो, गणपतीसमोर बास्केटबॉलवर बोलायचे म्हणजे आधी बाप्पाची क्षमा मागायला हवी. पण मे महिन्यापासून या सभागृहातल्या निम्म्या मंडळींनी मला वाण्याच्या दुकानात, पार्किंगमध्ये आणि एकदा तर बारशाच्या पंगतीत गाठून एकच प्रश्न विचारला आहे, की ६४ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला आलेला आपला कॅव्हेलियर्स संघ साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफच्या दुसऱ्याच फेरीत, इंडियानाकडून मालिकेत ४-१ असा कसा हरला. विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असते: आपले दोन्ही गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारे दोघे, बुटके. डॅरियस गार्लंड ६ फूट १ इंच, डोनोव्हन मिचेल ६ फूट ३ इंच. यातला एक द्या आणि उंचापुरा माणूस आणा. या उत्तराविरुद्ध मला आज रीतसर तक्रार नोंदवायची आहे.

या तक्रारीत माझा स्वार्थ आहे, तो आधीच कबूल करतो. पुण्यात मी ज्या महाविद्यालयात शिकलो, त्याचे नाव सांगत नाही, कारण तिथले दोघे समोरच बसले आहेत. तिथे संघनिवडीच्या दिवशी सरांनी जिमखान्याच्या दाराच्या चौकटीवर खडूने एक रेघ ओढली होती. डोके रेघेला लागले तर आत जायचे, नाही लागले तर टेबल टेनिसच्या खोलीकडे वळायचे. मी दोन बोटे कमी पडणार हे मला ठाऊक होते, म्हणून कॅनव्हासच्या बुटांत टाचेखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालून गेलो. डोके रेघेला लागलेही. पण पहिल्याच उडीला एक घडी बुटातून बाहेर आली, आणि सरांनी ती उचलून, उलगडून, त्यातली एक बातमी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्या वर्षी मी टेबल टेनिस खेळलो. (हशा) हसा, हसा. अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडूही वर्षानुवर्षे बुटांसकट मोजलेली उंची मिरवत होते. २०१९ मध्ये त्यांच्या लीगने, म्हणजे एनबीएने, संघांना बुटांशिवाय मोजलेली नेमकी उंची कळवायला लावली, तेव्हा कित्येकांचा एखादा इंच रातोरात गळाला. माझी घडी बाहेर आली, त्यांची लीगने काढली, एवढाच फरक.

सांगायचे हे की खडूच्या रेघेला डोके दिसते, हात दिसत नाहीत. मिचेल बुटांशिवाय सव्वासहा फूटही भरत नसेल, पण लीगमध्ये येण्यापूर्वी, २०१७ मध्ये त्याचे दोन्ही हात पसरून माप घेतले तेव्हा ते ६ फूट १० इंच भरले होते. समोरच्याला चेंडू मारताना अडचण होते ती या हातांची. रेघेला पायही दिसत नाहीत. आता मायामीविरुद्धची पहिली फेरी आठवा. दुसऱ्या सामन्यानंतर गार्लंडने पत्रकारांसमोर उघडच सांगून टाकले, की आमचा बेत सोपा आहे, टायलर हिरोला गाठायचे. हिरो भडकला, ज्याला स्वतःला बचाव करता येत नाही त्याने मला शिकवू नये, अशा अर्थाचे तो बोलला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, हीच त्यातली गंमत. पण हिरोची उंची किती? ६ फूट ५ इंच! गार्लंडपेक्षा चार इंचांनी उंच असलेल्या माणसाला आपण शोधून शोधून गाठले आणि मालिका ४-० ने जिंकली. चौथ्या सामन्यात तर त्यांच्याच मैदानावर ५५ गुणांनी. म्हणजे पिक-अँड-रोलमध्ये, एकाने आडवे उभे राहून बचावपटूला अडवायचे आणि मग बास्केटकडे वळायचे त्या डावात, ज्याची शिकार होते तो बुटका असतोच असे नाही. ज्याच्या अंगावर माणूस बदलून दिला की पाय अडखळतात, त्याची शिकार होते.

तरीही समोरच्या पक्षाचे म्हणणे मी पूर्ण उडवून लावत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण झाकायला दुसरा हात मोकळा लागतो. बचावात कच्चा असा एक बुटका गार्ड झाकता येतो. त्याला कोपऱ्यात उभ्या असलेल्या, फारसा धोका नसलेल्या खेळाडूवर ठेवायचे. दोघांना झाकायला मात्र कोपरे पुरत नाहीत. गोल्डन स्टेटला हे मार्च २०१२ मध्ये उमगले. स्टीफन करी आणि माँटा एलिस हे दोघेही ६ फूट ३ इंचांचे गार्ड. त्यांतला प्रेक्षकांचा लाडका एलिस त्यांनी मिलवॉकीला दिला आणि करीशेजारी ६ फूट ६ इंचांच्या क्ले थॉम्पसनला जागा करून दिली. पुढच्याच आठवड्यात एका समारंभात प्रेक्षकांनी संघमालकाची भरमैदानात हुर्यो उडवली. २०१५ मध्ये विजेतेपद आले, तेव्हा त्यातलेच बरेच जण मिरवणुकीत नाचले असतील. पोर्टलंडने उलट केले. डेमियन लिलार्ड आणि सीजे मकॉलम ही अशीच ठेंगणी जोडी त्यांनी २०२२ पर्यंत टिकवली. २०१९ मध्ये ती विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेली आणि तिथे ४-० ने हरली. पण मग डेट्रॉइटचे काय? आयझेया थॉमस ६ फूट १ इंच, जो डुमार्स ६ फूट ३ इंच, बदली येणारा व्हिनी जॉन्सन ६ फूट २ इंच, आणि १९८९ व १९९० अशी दोन विजेतेपदे. फरक असा की डुमार्सला झाकावेच लागत नव्हते. तो मायकेल जॉर्डनच्या अंगावर जायचा, आणि त्या काळी समोरच्याला हाताने रोखून धरण्याची मुभाही आजच्यापेक्षा...

(संयोजकांनी चिठ्ठी दिली.) पाच मिनिटे? मी वीस धरून चाललो होतो. आरतीची वेळ मला मान्य आहे, त्यामुळे ज्या विषयासाठी आपण मला बोलावले, तो या उन्हाळ्यातील अदलाबदलीचा विषय आता पळत पळत सांगतो.

एक. इंडियानाविरुद्धचा दुसरा सामना, ६ मे. गार्लंड, इव्हन मोबली आणि डीआंद्रे हंटर तिघेही दुखापतीमुळे बाहेर. मिचेलने ४८ गुण केले, शेवटचे मिनिट उरले असताना सात गुणांची आघाडी होती. इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनची फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेली मोकळी फेक, हुकली, त्यानेच तो चेंडू परत मिळवला आणि तीन गुणांचा फटका मारून सामना १२०-११९ असा नेला. गार्लंड त्या रात्री मैदानावरच नव्हता, आणि पराभवाचे खापर फोडले जाते ते त्याच्या उंचीवर.

दोन. लोंझो बॉल. शिकागोला आयझॅक ओकोरो देऊन हा साडेसहा फुटांच्या आसपासचा गार्ड आपण घेतला. ओकोरो बचावात चांगला होता, पण प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी त्याला बाहेर मोकळा सोडून देत; बॉलला तसा सोडता येणार नाही. तो उंच आहे म्हणून मी खूश नाही. त्याच्या येण्याने गार्लंडला झाकणारा हात मिळतो आणि चेंडू पुढे नेणारा आणखी एक माणूसही. अडचण गुडघ्याची आहे. त्यापायी तो अडीच हंगाम बाहेर होता आणि गेल्या वर्षी ३५च सामने खेळला.

तीन. टाय जेरोम मेम्फिसला गेला आणि सॅम मेरिलला आपण ठेवून घेतले. दोन्ही गोष्टींचे मूळ पैशात. आपला संघ पगाराच्या त्या वरच्या मर्यादेपलीकडे आहे, जिला सेकंड ॲप्रन म्हणतात. तिथे गेल्यावर दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, आणि देतो त्याहून एक डॉलरही जास्त पगार घरात घेता येत नाही. ओकोरोचे १ कोटी १० लाख डॉलर गेले आणि बॉलचे १ कोटी आले, ते याच चौकटीत बसवून. म्हणजे गार्लंड देऊन उंच माणूस आणा म्हणणाऱ्यांनी आधी त्याच पगारात बसणारा, तेवढेच पास देणारा आणि शिवाय उंच असा माणूस मला दाखवावा. मी पंगतीत शेवटपर्यंत बसलेला असेन.

गार्लंडच्या पायाच्या अंगठ्यावर जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आहे, तेव्हा सुरुवातीचे काही सामने तो दिसणार नाही. त्या सामन्यांत बॉल आणि मिचेल एकत्र खेळतील. ते बघा, आणि मग मला पार्किंगमध्ये गाठा.