थाळनेर : तापीच्या दरडीवरचे पाच दरवाजे

पाण्यातला किल्ला म्हटलं की डोळ्यांपुढे जंजिरा येतो, नाहीतर सिंधुदुर्ग. खानदेशाच्या वाट्याला समुद्र आला नाही, तापी आली. मुलताईहून निघून सुरतेजवळ समुद्राला मिळणाऱ्या या नदीच्या काठावर, शिरपूर तालुक्यात, थाळनेरचा किल्ला आहे.

(दृश्य : नदीच्या पात्रातून दिसणारी किल्ल्याची दरड)

किल्ल्याची एक बाजू थेट तापीतून वर चढते. उरलेल्या तिन्ही बाजूंना खोलगट पट्टा आहे. १८१८ साली चालून आलेल्या इंग्रजांनी त्याची रुंदी शंभर ते दीडशे यार्ड नोंदवली आहे, आणि तटाची उंची सुमारे साठ फूट. आतली जमीनही तटाइतकीच उंच होती. म्हणजे तोफांनी तट फोडला तरी मागे उभी असायची ती माती. अशा जागी शत्रूने शिरायचं कुठून? पूर्वेकडच्या एकमेव वाटेनेच. त्या वाटेवर एकामागून एक पाच दरवाजे होते. मधला रस्ता वळणावळणाचा, चढता, कुठेकुठे पायऱ्यांचा. एक दरवाजा ओलांडला की पुढचा दिसायचा नाही, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मात्र उंच उंच होत जायच्या. आज पडझड इतकी झाली आहे की हे सगळं डोळ्यांपुढे आणायला बरीच कल्पना लढवावी लागते.

फिरोजशाह तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजाला इथली जहागीर दिली. त्याने थाळनेरला राजधानी केली आणि खानदेशची फारुकी सत्ता इथून सुरू झाली. १३९९ मध्ये तो वारला. थाळनेर धाकट्या मुलाकडे गेलं, ते थोरल्या नासीरखानाने १४१७ मध्ये माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन हिसकावलं. भाऊबंदकी काही आजची नाही! पुढे बुऱ्हाणपूर आणि असीरगड मोठे झाले, थाळनेर मागे पडलं. फारुकींच्या कबरी मात्र गावात आहेत, आणि त्यातली अष्टकोनी वास्तू वाट वाकडी करून पाहावी अशी आहे. एरवी थाळनेरचं नाव आपण ऐकतो ते लता मंगेशकरांचं आजोळ म्हणून.

(दृश्य : पूर्वेकडची चढण)

आता १८१८. महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला होता. जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला. थाळनेरही त्यातच आलं. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज दरवाज्याशी आली. किल्लेदार तुळशीराम मामा यांनी किल्ला सोडायला नकार दिला. बंडखोर ठरवू, असा निरोप आला, मग तोफा सुरू झाल्या. इंग्रज बाहेरचे दरवाजे ओलांडत असताना किल्लेदार बाहेर आले आणि स्वाधीन झाले. पण आतली अरब शिबंदी पाचव्या दरवाज्यापाशी अडून बसली.

तिथे दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाज्यातलं लहान दार, उघडली गेली. बोलणं चाललेलं असतानाच दोनतीन अधिकारी मोजक्या शिपायांना घेऊन आत शिरले. एकमेकांची भाषा कळेना. तलवारी निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. मागून इंग्रज सैन्य आत घुसलं आणि सुमारे तीनशे जणांची शिबंदी कापून काढली.

किल्लेदार या झटापटीत नव्हते, ते आधीच इंग्रजांच्या ताब्यात होते. तरीही त्यांना बुरुजावर फाशी दिलं. शरण आलेल्या माणसाला लटकवणं हा सूडच होता, त्याला न्याय कसं म्हणायचं? हा प्रश्न तेव्हा लंडनमध्येही विचारला गेला. १८१९ मध्ये संसदेत या फौजेच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवर आक्षेप घेतले गेले. शेवटी आभार मानले गेले ते लढाईतल्या कामगिरीचे. थाळनेरची फाशी त्यातून बाजूला ठेवण्यात आली.